सिकलसेलची मोजणी झाली. बालकांच्या पक्षाघाताचे काय?

पक्षाघात हा उतारवयातला आजार, अशी आपल्याकडे सार्वत्रिक समजूत आहे. 'अंगावरून वारे गेले' हे शब्द कानी पडले की डोळ्यांसमोर येतो तो साठी ओलांडलेला, रक्तदाबाचा किंवा मधुमेहाचा रुग्ण. चार वर्षांच्या मुलाचा हात अचानक लुळा पडू शकतो, त्याचे तोंड वाकडे होऊ शकते, कालपर्यंत बडबडणारे मूल आज अबोल होऊ शकते, ही गोष्ट घरच्यांच्याच काय, अनेकदा दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांच्याही ध्यानी येत नाही. एरवी हे दुर्लक्ष क्षम्य मानता आले असते. कारण सर्वसाधारण बालकांमध्ये मेंदूची धमनी तुंबून होणाऱ्या पक्षाघाताचे प्रमाण, पाश्चात्त्य देशांतील नोंदींनुसार, वर्षाला लाखात एक ते दोन इतकेच आहे. पण ज्या बालकांना सिकलसेलचा दोष आई आणि वडील या दोघांकडूनही मिळालेला असतो, त्यांच्याबाबत हे गणित पार बदलते. अमेरिकेतील चार हजारांहून अधिक सिकलसेल रुग्णांच्या दीर्घकालीन पाहणीचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार दोन ते पाच या वयोगटातील अशा बालकांत पक्षाघाताचे प्रमाण वर्षाला शंभरात एक होते, आणि विसाव्या वर्षापर्यंत अकरा टक्के रुग्णांना पक्षाघात होऊन गेलेला होता.

लाखात एक आणि शंभरात एक, या दोन आकड्यांमधील अंतर हाच या प्रश्नाचा गाभा आहे. हा पक्षाघात अनपेक्षित नसतो. तो कोणत्या मुलांना गाठण्याची शक्यता आहे, हे आधी सांगता येते. त्यातही अधिक धोका कोणाला, हे वेदनारहित तपासणीने कळते. आणि तो मोठ्या प्रमाणात टाळता येतो, हे पंचवीस वर्षांहून अधिक काळ सिद्ध झालेले आहे. असे असताना गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ, अमरावती आणि नंदुरबारसारख्या सिकलसेलग्रस्त जिल्ह्यांतील किती बालकांपर्यंत हे ज्ञान पोहोचले, हा प्रश्न विचारण्याची वेळ आता आली आहे.

तिचे निमित्तही आहे. मध्य प्रदेशातील शहडोल येथे १ जुलै २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. सतरा राज्यांतील आदिवासीबहुल भागांत शून्य ते चाळीस वयोगटातील सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपवायचा, असे अभियानाचे उद्दिष्ट आहे. २०२५ च्या मध्यापर्यंत तपासणीचा आकडा सहा कोटींच्या पुढे गेला आणि दोन लाखांहून अधिक रुग्ण आढळले. एवढ्या मोठ्या लोकसंख्येची रक्ततपासणी दुर्गम पाड्यांपर्यंत जाऊन करणे ही सामान्य कामगिरी नव्हे. मात्र रोग सापडणे ही उपचाराची पहिली पायरी असते, शेवटची नव्हे.

रक्तातला दोष, मेंदूवरचा घाव

सिकलसेल हा मूलत: हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार. हिमोग्लोबिनच्या एका साखळीतील सहाव्या स्थानावरचे अमिनो आम्ल बदलते, एवढ्याशा फरकाने तांबड्या पेशीचा स्वभाव पालटतो. प्राणवायू कमी पडताच ती ताठर होते आणि विळ्याचा आकार धारण करते. दोष एकाच पालकाकडून आला तर व्यक्ती केवळ वाहक ठरते. विदर्भात तिला 'एएस पॅटर्न' म्हणतात. दोघांकडून आला तर 'एसएस पॅटर्न', म्हणजे प्रत्यक्ष आजार. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये या आजाराचे वर्णन केले. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये झाली. महाराष्ट्रात गोंड, माडिया, परधान, कोरकू, भिल्ल, पावरा या जमातींत तो मोठ्या प्रमाणावर आढळतो. पण तो केवळ आदिवासींचा आजार आहे, हे मात्र खरे नाही. विदर्भात अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीयांतील काही समाजांतही त्याचे प्रमाण लक्षणीय आहे.

या आजाराची ठळक ओळख म्हणजे हाडे-सांध्यांच्या असह्य वेदना आणि रक्तक्षय. त्यामुळे घरच्यांचे आणि डॉक्टरांचे लक्ष साहजिकच त्यांच्याकडे असते. मेंदूत चाललेली उलथापालथ मात्र मूकपणे होते. ताठर आणि चिकट झालेल्या पेशी मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमन्यांच्या आतल्या अस्तराला वर्षानुवर्षे घासत राहतात. अस्तर जाड होते, धमनीचा मार्ग अरुंद होत जातो. त्यात रक्त मुळातच कमी असल्याने मेंदूची गरज भागवण्यासाठी ते अधिक वेगाने धावू लागते. बालकाच्या मेंदूला प्राणवायूची गरज मोठ्यांपेक्षा जास्त असते. अशा अवस्थेत ताप, अतिसार, न्यूमोनिया किंवा अचानक खालावलेले हिमोग्लोबिन यांपैकी एखादे निमित्त पुरते आणि आधीच काठावर असलेला मेंदूचा भाग उपाशी पडतो. काही मुलांत अरुंद धमनीभोवती नाजूक, धुरकट दिसणाऱ्या पर्यायी रक्तवाहिन्यांचे जाळे तयार होते. त्यालाच जपानी भाषेतील धुराच्या लोटावरून 'मोयामोया' हे नाव मिळाले. असे जाळे तयार झालेल्या मुलांत पुन:पुन्हा पक्षाघात होण्याची भीती सर्वाधिक असते.

धोका कोणाला अधिक?

सिकलसेलच्या प्रत्येक बालकाला पक्षाघात होतो असे नाही. मग तो होण्याची शक्यता अधिक कोणाची? १९९८ च्या ज्या पाहणीचा उल्लेख वर आला, तिने याचे बरेचसे उत्तर दिले आहे. नेहमीचे हिमोग्लोबिन खूप खाली असणे. छातीत तीव्र संसर्ग किंवा रक्तप्रवाह अडून होणारा श्वसनाचा गंभीर झटका, विशेषत: तो अगदी अलीकडे, गेल्या एक-दोन आठवड्यांत येऊन गेलेला असणे. असे झटके वारंवार येणे. वरचा रक्तदाब त्या मुलाच्या नेहमीच्या पातळीपेक्षा वाढलेला असणे. आणि काही मिनिटे वा काही तास हात-पाय लुळे पडून आपोआप पूर्ववत झालेले असणे, हे प्रमुख धोक्याचे घटक होत. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका मात्र तरुण वयात वाढतो आणि त्याचा संबंध कमी हिमोग्लोबिनबरोबरच वाढलेल्या पांढऱ्या पेशींशी आढळला आहे.

लंडनमधील संशोधकांनी २००१ मध्ये यात आणखी एका घटकाची भर घातली. रात्री झोपेत ज्या मुलांच्या रक्तातील प्राणवायूचे प्रमाण घटते, त्यांना पुढे मेंदूचे विकार होण्याचा धोका अधिक दिसला. टॉन्सिल वाढलेले, झोपेत मोठ्याने घोरणारे सिकलसेलग्रस्त मूल म्हणूनच केवळ कान-नाक-घशाचा रुग्ण राहत नाही. तसेच एका भावंडाला पक्षाघात झाला असेल, तर दुसऱ्याची तपासणी लांबणीवर टाकणे धोक्याचे असते.

यातील काही मिनिटांचा लुळेपणा हा घटक सर्वांत फसवा आहे. खेळता खेळता मुलाच्या हातातला भोवरा गळून पडतो, पाय ओढला जातो, बोलणे अडखळते आणि तासाभरात सारे ठीक होते. घरात नि:श्वास सोडला जातो. कुणी अशक्तपणा म्हणतो, कुणी नजर लागली म्हणून उतरवून टाकतो. वैद्यकाच्या दृष्टीने मात्र ही येऊ घातलेल्या मोठ्या झटक्याची पूर्वसूचना असते. मूल बरे दिसते आहे म्हणून नव्हे, तर ते बरे दिसते आहे तोवरच त्याला रुग्णालयात नेणे आवश्यक असते.

पहिला पक्षाघात होऊन गेलेल्या मुलांची स्थिती याहून गंभीर. काहीही उपचार न झाल्यास त्यांच्यापैकी सुमारे दोन तृतीयांश मुलांना पुन्हा पक्षाघात होतो, आणि तोही प्राय: पहिल्या दोन-तीन वर्षांतच. पहिल्या झटक्यात एक हात निकामी झालेला असतो. दुसऱ्यात चालणे, बोलणे, गिळणे, समजणे यांपैकी काय जाईल याचा भरवसा नसतो. पक्षाघाताच्या गंभीर गुंतागुंतीचा सर्वांत मोठा धोक्याचा घटक कोणता, असे विचारले तर त्याचे उत्तर 'उपचाराविना राहिलेला पहिला पक्षाघात' हेच आहे.

न दिसणारी इजा

याखेरीज एक नुकसान असे आहे, की ज्यात हात लुळा पडत नाही, तोंड वाकडे होत नाही आणि कुणाला काही कळतही नाही. एमआरआय तपासणी केल्यावर मेंदूत लहान लहान मृत भाग आढळतात. वैद्यकशास्त्रात त्यांना 'मूक' इजा म्हणतात. सिकलसेलच्या एसएस प्रकारात प्रौढ होईपर्यंत तीनात एकाहून अधिक मुलांत अशी इजा आढळते. मूक हे नाव शरीरापुरते खरे. शाळेत मात्र ती बोलते. मुलाचे लक्ष टिकत नाही, पाढे विसरतात, फळ्यावरचे उतरवून घेताना ओळी सुटतात. आश्रमशाळेत असे मूल 'ढ' ठरते आणि आठवी-नववीत शाळा सोडून मजुरीला लागते. शिक्षकांच्या लेखी तो अभ्यासातील कच्चेपणा असतो. प्रत्यक्षात तो मेंदूचा आजार असतो.

अशा मूक इजा असलेल्या १९६ मुलांवर झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. नियमित रक्त दिलेल्या गटात सहा टक्के मुलांना पुन्हा इजा झाली. निव्वळ देखरेखीखाली ठेवलेल्या गटात हे प्रमाण चौदा टक्के होते. म्हणजे शोधले तर या इजेलाही आळा घालता येतो. पण एमआरआयची सोय तालुक्याच्या पातळीवर नाही आणि लहान मुलाला यंत्रात स्थिर ठेवण्यासाठी भूल द्यावी लागते. त्यामुळे सर्वांसाठी सहज शक्य असलेल्या तपासणीकडे वळावे लागते. सुदैवाने ती उपलब्ध आहे.

डॉपलरने दाखवलेली वाट

ही तपासणी म्हणजे ट्रान्सक्रॅनिअल डॉपलर. साध्या भाषेत, कानशिलावर सोनोग्राफीचा छोटा शोधक ठेवून मेंदूच्या धमन्यांतील रक्ताचा वेग मोजणे. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही, भूल नाही. मूल जागे आणि शांत असले म्हणजे पुरे. अर्ध्या तासात ती आटोपते. अरुंद झालेल्या धमनीतून, आणि पातळ झालेल्या रक्ताचे, वहन अधिक वेगाने होते, एवढ्याच तत्त्वावर ती आधारलेली आहे. अमेरिकेतील जॉर्जिया येथील रॉबर्ट ॲडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दाखवून दिले, की ज्या मुलांत हा वेग फार वाढलेला असतो, त्यांनाच पुढे पक्षाघात होण्याची शक्यता सर्वाधिक असते.

पुढची पायरी निर्णायक ठरली. सेकंदाला सरासरी २०० सेंटिमीटर वा त्याहून अधिक वेग आढळलेल्या १३० मुलांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट करण्यात आले. ६३ मुलांना नियमित रक्त देण्यात आले, ६७ मुलांवर नेहमीचे उपचार सुरू ठेवले. नेहमीच्या उपचारांच्या गटात अकरा मुलांना पक्षाघात झाला. रक्त दिलेल्या गटात एकाला. फरक इतका उघड होता, की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. तिचे निष्कर्ष १९९८ मध्ये जाहीर होताच अमेरिकेत दोन ते सोळा वर्षे वयाच्या अशा मुलांची दरवर्षी डॉपलर तपासणी करण्याची शिफारस झाली. कॅलिफोर्नियात या मुलांच्या पहिल्या पक्षाघाताचे प्रमाण १९९८ पूर्वी वर्षाला शंभरात ०.८८ होते, २००० साली ते ०.१७ वर उतरले. मधल्या काळात कोणताही नवा चमत्कार घडला नव्हता. घडली होती ती तपासणी आणि तिच्यानुसार उपचार.

नियमित रक्त देण्याचा उपचार सोपा मात्र नाही. दर तीन-चार आठवड्यांनी रक्त लागते. शरीरात लोह साचते, ते काढण्यासाठी वेगळे महागडे औषध घ्यावे लागते. परक्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. रक्त देणे थांबवून पाहावे, तर २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत थांबवलेल्या ४१ मुलांपैकी १४ जणांचा वेग पुन्हा धोक्याच्या पातळीवर गेला आणि दोघांना पक्षाघात झाला. गडचिरोलीच्या जंगलातील कुटुंबाने दर महिन्याला कामाचा खाडा करून रक्तपेढीची वाट धरावी, ही अपेक्षा व्यवहारात उतरणारी नाही.

येथे हायड्रॉक्सियुरिया या औषधाचे महत्त्व लक्षात येते. हे औषध शरीरात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते आणि पेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याला अटकाव करते. डॉपलरमध्ये धोका आढळलेल्या, पण धमन्या फारशा अरुंद न झालेल्या मुलांना किमान वर्षभर रक्त दिल्यानंतर या औषधावर आणता येते आणि ते रक्ताइतकेच संरक्षण देते, हे २०१६ मध्ये सिद्ध झाले. नायजेरियातील चाचणीत तर पहिल्यापासून हेच औषध वापरले गेले. २०२२ मधील तिच्या निष्कर्षांनुसार कमी आणि मध्यम मात्रेच्या गटांत पक्षाघाताच्या प्रमाणात लक्षणीय फरक नव्हता. ज्या देशात रक्तपुरवठा अपुरा आहे, तेथेही पक्षाघात टाळता येतो, हा या आफ्रिकी अनुभवाचा धडा विदर्भासाठी अमेरिकी अनुभवापेक्षा अधिक मोलाचा आहे. मात्र एकदा पक्षाघात होऊन गेलेल्या मुलांना रक्ताऐवजी केवळ या औषधावर ठेवण्याचा अमेरिकेतील प्रयत्न फसला होता. औषधाच्या गटात सात जणांना पुन्हा पक्षाघात झाला, रक्ताच्या गटात एकालाही नाही. उशीर झाला की स्वस्त आणि सोपा मार्गही बंद होत जातो, असा याचा अर्थ.

'आपला' आजार सौम्य आहे?

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो गांभीर्याने घेण्यासारखा आहे. भारतातील सिकलसेलची जनुकीय ठेवण आफ्रिकी ठेवणीपेक्षा वेगळी आहे. येथील रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण अधिक असते आणि जोडीला अल्फा थॅलेसेमियाही अनेकांत असतो. हे दोन्ही घटक आजाराची धार कमी करतात. त्यामुळे भारतीय मुलांत पक्षाघाताचे प्रमाण अमेरिकेतील आकड्यांपेक्षा कमी असावे, असे बहुतेक तज्ज्ञ मानतात. मग इतक्या खटाटोपाची गरज काय, असा प्रश्न निघतो.

त्याचे उत्तर नागपुरातून मिळाले आहे. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील बालरोगतज्ज्ञ डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिकलसेलग्रस्त बालकांच्या मोठ्या गटाचा सातत्याने मागोवा घेतला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने, भारतातील आजार सौम्य असतो या समजुतीला पुरावा मिळत नाही, असा निष्कर्ष काढला. मध्य भारतातील एसएस बालकांत तीव्र रक्तक्षय, वेदनेचे झटके आणि रुग्णालयात दाखल होण्याचे प्रसंग मोठ्या संख्येने नोंदले गेले. सौम्यतेची कल्पना मुख्यत: अशा पाहण्यांतून रुजली होती, ज्यांत दवाखान्यापर्यंत पोहोचलेले आणि जगलेले रुग्णच मोजले जात. पाच वर्षांच्या आत तापाने, रक्तक्षयाने वा झटक्याने दगावलेले बालक त्या मोजणीत येतच नव्हते.

शिवाय प्रमाण कमी मानले तरी संख्या मोठीच राहते. दोन लाखांहून अधिक ज्ञात रुग्णांत बालकांचा वाटा मोठा आहे. त्यांच्यात धोका अमेरिकेच्या निम्माच काय, चौथा हिस्सा धरला, तरी दरवर्षी अपंगत्व येणाऱ्या मुलांची संख्या नगण्य म्हणता येणार नाही. आणि ज्या मुलाच्या धमनीतील वेग २०० च्या पुढे गेलेला आहे, त्याच्यासाठी देशाची सरासरी किती आहे, याला काही अर्थ नसतो.

औषध आहे, ते रोज पोटात जाते का?

हायड्रॉक्सियुरिया स्वस्त आहे आणि शासकीय यंत्रणेतून मोफत दिले जाते. अडचण आहे ती पोहोचण्याची आणि टिकण्याची. पंधरा किलो वजनाच्या मुलाला किलोमागे वीस मिलिग्रॅम या हिशेबाने रोज तीनशे मिलिग्रॅम औषध लागते. सर्वत्र मिळणारी कॅप्सूल पाचशेची. ती फोडून अर्धी करणे योग्य नाही, आणि चार वर्षांच्या मुलाला ती गिळवणे शक्य नाही. म्हणून अनेक ठिकाणी एक दिवसाआड कॅप्सूल किंवा 'मोठा झाल्यावर सुरू करू' असे तोडगे निघतात. नेमक्या दोन ते पाच या सर्वाधिक धोक्याच्या वयात मूल औषधाविना राहते. खोलीच्या तापमानाला टिकणारे देशी बनावटीचे द्रवरूप औषध २०२४ मध्ये आले, ही म्हणूनच मोठी गोष्ट आहे. प्रश्न आहे तो ते नंदुरबारच्या अक्राणीतील उपकेंद्राच्या कपाटात महिन्यामागून महिना उपलब्ध राहते का, हा. नागपुरात किलोमागे दहा मिलिग्रॅमच्या कमी मात्रेनेही बालकांत चांगला परिणाम दिसला आहे. अर्थात पांढऱ्या पेशी प्रमाणाबाहेर घटत नाहीत ना, हे ठरावीक अंतराने रक्त तपासून पाहावेच लागते.

दुसरी अडचण आश्रमशाळांची. आदिवासी भागातील सहा-सात वर्षांचे मूल वर्षातील बरेच महिने घरी नसते, आश्रमशाळेत असते. औषध घरच्या डब्यात, मूल वसतिगृहात आणि नोंद तिसऱ्याच आरोग्य केंद्रात, अशी अवस्था झाली की उपचार तुटतो. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळाशाळांतून जातात. त्यांच्या नोंदवहीत सिकलसेलचा रकाना भरताना औषध रोज मिळते का आणि शेवटची डॉपलर तपासणी कधी झाली, हे दोन प्रश्न विचारले गेले तरी चित्र पालटू शकेल. ऊसतोडीसाठी वा वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांना दोन-तीन महिन्यांचे औषध एकदम देण्याची तजवीजही याच प्रकारची.

पहिले दोन तास

प्रतिबंध फसला आणि पक्षाघात झालाच, तर वेळेला पर्याय नाही. अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीच्या २०२० मधील मार्गदर्शक सूचनांनुसार, सिकलसेलग्रस्त बालकात मेंदूच्या इजेची लक्षणे दिसल्यास रुग्णालयात आल्यापासून दोन तासांच्या आत रक्त देण्यास सुरुवात व्हावी. शक्य तेथे मुलाचे रक्त काढून त्याजागी दात्याचे रक्त भरण्याची पद्धत वापरतात, म्हणजे विळ्याच्या पेशींचे प्रमाण झपाट्याने घटते. ती सोय नसेल आणि हिमोग्लोबिन खाली असेल, तर साधे रक्त चढवूनही मोठा फायदा होतो. मात्र हिमोग्लोबिन दहाच्या पुढे नेऊ नये, कारण त्यामुळे रक्त दाट होऊन अपायच अधिक होतो. प्राणवायू, शिरेतून पुरेसे द्रव, तापावर आणि संसर्गावर तातडीचा उपचार, झटके आल्यास त्यांचे नियंत्रण, ही कामे ग्रामीण रुग्णालयातही होऊ शकतात.

अंतराचा हिशेब मात्र निष्ठुर आहे. भामरागडहून गडचिरोली आणि तेथून नागपूर हा एकूण प्रवास साडेतीनशे किलोमीटरच्या घरात जातो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो. अशा ठिकाणचे मूल नागपूरला पोहोचेपर्यंत पहिले दोन तास कधीच उलटून गेलेले असतात. म्हणून सर्व काही नागपूरवर सोपवून चालणार नाही. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेतील डॉक्टरपासून उपजिल्हा रुग्णालयातील परिचारिकेपर्यंत प्रत्येकाला एक गोष्ट ठाऊक असायला हवी: सिकलसेलचे कार्ड असलेल्या मुलाचे तोंड वाकडे झाले, एक बाजू दुबळी पडली, बोलणे अडखळले, अचानक तीव्र डोकेदुखी झाली किंवा पहिल्यांदाच झटका आला, तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत तो पक्षाघात समजायचा. झटक्यानंतरचा लुळेपणा 'फेफऱ्याचा' म्हणून रात्रभर वाट पाहणे ही या आजारातील सर्वांत महागडी चूक ठरते.

मोजायचे ते काय?

अभियानाच्या प्रगतीचा जो हिशेब जाहीर होतो, त्यात ठळकपणे दिला जातो तो तपासलेल्या लोकांचा आणि वाटलेल्या कार्डांचा आकडा. हे आकडे आवश्यकच आहेत. विवाहापूर्वी दोघांची कार्डे पडताळून पाहिल्याने भावी पिढीतील रुग्ण घटतील, ही त्यामागील दृष्टीही रास्त आहे. पण २०४७ साली जन्मणाऱ्या बालकाचा विचार करताना आज चार वर्षांच्या असलेल्या बालकाचा विसर पडता कामा नये. त्याच्या दृष्टीने मोजायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. दोन ते सोळा वयाच्या ज्ञात एसएस रुग्णांपैकी किती जणांची यंदा डॉपलर तपासणी झाली? धोका आढळलेल्यांपैकी किती जणांवर महिन्याभरात उपचार सुरू झाले? किती मुले सलग सहा महिने हायड्रॉक्सियुरिया घेत आहेत? किती जणांना पहिला पक्षाघात झाला? हे चार आकडे जिल्हावार जाहीर होऊ लागले, तर यंत्रणेचे लक्ष आपोआप तिकडे वळेल.

यासाठी लागणारा खर्च डोळे दिपवणारा नाही. चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये उभी राहिली आहेत. प्रत्येक ठिकाणी एक डॉपलर यंत्र, ते चालवणारे दोन प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि महिन्यातून काही ठरलेले दिवस, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. मुलाला ताप असताना किंवा रक्त फारच खालावले असताना वेग फसवा येतो, हे ओळखण्याइतके प्रशिक्षण मात्र हवे. खुद्द अमेरिकेतही पात्र मुलांपैकी निम्म्याच्या आसपास मुलांचीच ही तपासणी होते, असे तेथील पाहणीत दिसून आले आहे. म्हणजे केवळ यंत्र असून भागत नाही. आठवण करून देणारी, वाहनाची सोय करणारी आशा स्वयंसेविका यंत्राइतकीच महत्त्वाची ठरते.

जनुकीय उपचारांच्या बातम्यांनी सध्या मोठी आशा निर्माण केली आहे. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये अशा दोन उपचारांना मान्यता मिळाली. त्यांची किंमत रुग्णामागे वीस लाख डॉलरच्या पुढे आहे. भारतानेही नोव्हेंबर २०२५ मध्ये 'बिरसा १०१' या नावाने स्वदेशी जनुकीय उपचार जाहीर केला. ही दिशा अभिमानास्पद खरी, पण ती गावपातळीवर पोहोचायला वर्षे लागतील. तोवर पक्षाघाताने मेंदूचा जो भाग मृत होईल, तो कोणताही जनुकीय उपचार परत आणू शकणार नाही.

अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला, तेव्हा या रुग्णांना दीर्घकाळ नाकारलेली ओळख मिळाली. मात्र पक्षाघाताने हात-पाय गमावलेल्या मुलाला अपंगत्वाचा दाखला मिळणे हे यंत्रणेचे यश मानायचे, की त्याला तो दाखला घेण्याची वेळच येऊ न देणे हे यश मानायचे, याचा निर्णय आता व्हायला हवा. मुलाच्या कानशिलावर अर्धा तास शोधक ठेवण्याने आणि रोज एका चमच्याने जे टळू शकते, ते नशिबावर सोडणे कोणत्याही कल्याणकारी राज्याला शोभणारे नाही.